कार्ड असेल तर दोन टक्के वेगळे

मोबाईलच्या दुकानात तासभर घासाघीस चालते. रंग ठरतो, जुना फोन एक्स्चेंजमध्ये जातो, कव्हर आणि स्क्रीनगार्ड फुकटात पदरात पडतात. सगळं पक्कं झाल्यावर काउंटरवरचा मुलगा बिलाच्या स्क्रीनवरून मान वर न काढता विचारतो, ‘‘पेमेंट कसं करणार, सर? कार्ड असेल तर दोन टक्के वेगळे लागतील.’’

पन्नास हजारांच्या फोनवर हे हजार रुपये होतात. फोनची किंमत आधीच एक्कावन्न हजार सांगितली असती, तर याच गिऱ्हाइकाने कदाचित ती निमूट दिली असती. आता मात्र त्याच्या कपाळावर आठी पडते. कुणी म्हणतो, ‘‘असं कसं? बाहेर तर कार्डचं स्टिकर लावलंय तुम्ही.’’ कुणी मालकाला बोलवायला सांगतो. कुणी बायकोकडे बघतो आणि गुपचूप यूपीआयचं ॲप उघडतो. एखादा अर्धवट भरलेली पिशवी काउंटरवर तशीच ठेवून निघून जातो आणि बाजूच्या दुकानात तीच वस्तू तेवढ्याच पैशांत घेतो, फक्त तिथे ते दोन टक्के कुणी बोलून दाखवत नाही, एवढाच फरक. मुलाकडे सगळ्यांसाठी एकच उत्तर असतं, ‘‘सर, आमचं काही नाही, बँक कापते.’’

ते उत्तर अर्धं खरं आहे. कार्ड मशीनला लागलं की दुकानदाराच्या खात्यात बिलाची पूर्ण रक्कम येत नाही. त्यातून ‘एमडीआर’, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट वजा होतो. त्याचा मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, काही भाग मशीन बसवणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला मिळतो आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्यासारख्या नेटवर्कला. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हा दर साधारण दीड ते अडीच टक्क्यांच्या आसपास फिरतो. त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे दोन टक्क्यांचा दर धरला तर पन्नास हजारांच्या बिलामागे १,१८० रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात पोचतच नाहीत. ग्राहकाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट, विमानतळावरचं लाउंज, महिना-दीड महिन्याची बिनव्याजी उधारी या सगळ्याचा खर्च बऱ्याच अंशी याच कपातीतून निघतो. मोबाईल किंवा सोनं विकणाऱ्याचा नफा मुळातच काठावरचा असतो, त्यामुळे त्याला हे दोन टक्के टोचतात. साडीवाल्याला किंवा चष्मेवाल्याला तेवढे टोचत नाहीत, म्हणून त्यांच्या दुकानात हे वाक्य सहसा कानावर पडत नाही.

उरलेलं अर्धं मुलगा सांगत नाही. जीएसटीत नोंदलेल्या दुकानदाराला त्या १८० रुपयांचं क्रेडिट परत घेता येतं. मशीनवाल्याशी ठरलेला त्याचा दर दोनपेक्षा कमी असू शकतो. आणि ग्राहकाने डेबिट कार्ड पुढे केलं तरी पुष्कळदा तेच ‘दोन टक्के’ सांगितले जातात. तिथे मात्र बँकेचं नाव पुढे करायला जागा नाही. मोठ्या दुकानदारांसाठी डेबिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त १,००० रुपये, अशी मर्यादा घातलेली आहे. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारासाठी ती आणखी खाली, ०.४० टक्के आणि २०० रुपये. रुपेच्या डेबिट कार्डावर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. हा भार ग्राहकावर टाकू नये, हेही रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलंय. डेबिट कार्डावर टक्केवारीने जादा पैसे घेणाऱ्या दुकानदाराशी बँकेने संबंध तोडावेत, इतक्या कडक शब्दांत ते सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितलं गेलं होतं. त्याच परिपत्रकात ‘शून्य टक्के ईएमआय’ नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते, असंही बँकांना ऐकवलं होतं. दुकानांच्या काचांवर हे दोन्ही प्रकार अजून सुखाने नांदताहेत.

क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला अशी सरकारी मर्यादा नाही. तिथला मामला दुकानदार, त्याची बँक आणि नेटवर्क यांच्यातल्या कराराचा असतो. तो करार ग्राहकाने कधी पाहिलेला नसतो आणि खरं सांगायचं तर दुकानदारानेही सही करताना वाचलेला नसतो.

माणसं नेमकी कशावर चिडतात, याचा विचार अर्थशास्त्रात चाळीसेक वर्षांपूर्वीच झालाय. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली ग्राहकांच्या निर्णयांवर एक निबंध लिहिला. त्यात क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या एका धडपडीची नोंद आहे. रोख आणि कार्ड यांच्या भावात फरक ठेवावाच लागला, तर त्याला ‘रोखीवर सवलत’ म्हणा, ‘कार्डावर अधिभार’ म्हणू नका, असा या कंपन्यांचा आग्रह होता. हिशेब दोन्हीकडे एकच. पण हातातून गेलेले शंभर रुपये जितके लागतात, तितका आनंद न मिळालेल्या शंभरांच्या सवलतीने बुडत नाही. पाटीवर १०३ लिहून रोखीवाल्याला तीन सोडले तर कार्डवाला फारसं मनावर घेत नाही. १०० लिहून त्याच्याकडे तीन मागितले की त्याला दंड भरल्यासारखं वाटतं. थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळालं, पण कार्ड कंपन्यांना हे मर्म त्यांच्याही आधी उमगलेलं होतं. धंदेवाल्याला प्राध्यापकाची वाट बघावी लागत नाही.

त्याच २०१७ साली हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि तोही केस कापण्याच्या दुकानामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या ‘एक्सप्रेशन्स हेअर डिझाइन’ने पाटी लावली होती, की कार्ड कंपन्यांच्या शुल्कामुळे कार्डाने पैसे देणाऱ्यांना तीन टक्के जास्त पडतील. मग कुणीतरी मालकांच्या लक्षात आणून दिलं, की राज्याच्या कायद्यात हा गुन्हा आहे. १९८४ सालचा तो कायदा रोखीवर सवलत द्यायला मोकळीक देत होता. कार्डावर अधिभार घेतल्यास मात्र ५०० डॉलर दंड किंवा वर्षापर्यंत कैद. म्हणजे दहा डॉलरची कटिंग कार्डवाल्याला १० डॉलर ३० सेंटला पडली तरी हरकत नव्हती, फक्त ‘दहा डॉलर अधिक तीन टक्के’ असं पाटीवर लिहायची बंदी होती. ब्रुकलिनमधल्या एका आइस्क्रीम पार्लरसह काही व्यावसायिक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही किती घेतो ते सरकार ठरवत नाही, आम्ही ते कसं सांगायचं हे ठरवतं, म्हणजे हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न झाला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने हे मान्य केलं आणि पुढचं प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं.

त्याचा शेवट व्यवहाराला धरून झाला. फेब्रुवारी २०२४ पासून न्यूयॉर्कमध्ये नवा नियम आहे. अधिभार घ्या, पण कार्डाने देताना एकूण किती पडणार तो आकडा डॉलर-सेंटमध्ये आधी दाखवा, आणि तुम्हाला जेवढा खर्च येतो त्याहून जास्त घेऊ नका. ‘कार्डावर तीन टक्के जादा’ एवढीच चिठ्ठी गल्ल्यापाशी चिकटवून भागत नाही. गिऱ्हाइकाने टक्केवारीचं गणित उभ्या उभ्या करत बसू नये, एवढी अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

ब्रिटनमध्ये राग पेटला तो विमान कंपन्यांवरून. तिकीट निवडायचं, आसन निवडायचं, सामान भरायचं, नावं भरायची, आणि अगदी शेवटच्या पानावर कार्डाचे पैसे उगवायचे. २०११ च्या सुमारास रायनएअर एका प्रवाशामागे एका बाजूचे ५ पौंड घेत होती. चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन ४० पौंड. व्यवहार मात्र एकच, कार्ड एकदाच वापरलेलं, आणि डेबिट कार्डाच्या त्या एका व्यवहाराचा कंपनीला येणारा खर्च काही पेन्सचा. चार माणसांचं तिकीट काढलं म्हणून बँकेचं काम चौपट होत नाही, हे कुणालाही कळत होतं. ‘विच?’ या ग्राहक संघटनेने त्या वर्षी सरकारी नियामकाकडे रीतसर तक्रार नेली. एप्रिल २०१३ मध्ये प्रत्यक्ष खर्चाहून जास्त घ्यायला बंदी आली आणि १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवरचा अधिभारच बंद झाला.

लोक खूश झाले का? थोडे दिवस. ‘जस्ट ईट’ ही घरपोच जेवण मागवायची कंपनी आधी कार्डावर ५० पेन्स घेत होती. बंदी येताच तिने ते काढून टाकले आणि ५० पेन्सचं ‘सेवा शुल्क’ सगळ्यांवर बसवलं, अगदी रोख देणाऱ्यांवरही. ज्यांनी कधी कार्ड वापरलंच नव्हतं त्यांचाही संताप झाला, आणि त्यांच्या संतापाला जास्त आधार होता. ब्रिटनच्या करखात्याने वेगळीच वाट काढली. अधिभार घेता येत नाही ना, मग वैयक्तिक क्रेडिट कार्ड आम्ही घेतच नाही! कायद्याने पैसे मागायची मनाई करता येते, पण खर्च नाहीसा करता येत नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी दारातून आत येतो.

ऑस्ट्रेलियाने नेमकी उलट वाट धरली होती. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १ जानेवारी २००३ पासून अधिभार घ्यायची मुभा दिली. विचार तर्कशुद्ध होता. महागडं कार्ड वापरणाऱ्याने त्याचा खर्च सोसावा, रोखीवाल्याने त्याच्या पॉइंटचं बिल का भरावं? कार्डाची खरी किंमत डोळ्यांना दिसली की लोक स्वस्त मार्गाकडे वळतील. प्रत्यक्षात काहींनी याचा धंदाच केला. टॅक्सीत कार्ड दिलं की दहा टक्के जादा, हा प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालला. २०१४ मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी तो पाच टक्क्यांवर आणला. २०१६ मध्ये मोठ्या आणि २०१७ मध्ये सगळ्या व्यावसायिकांना खर्चाहून जास्त अधिभार घ्यायची मनाई झाली.

तरीही कुरकुर वाढतच गेली. तिचं कारण अधिभारात जेवढं होतं तेवढंच खिशातही होतं. २०१९ साली ऑस्ट्रेलियात शंभरातले २७ व्यवहार रोखीने होत होते. २०२२ मध्ये १३ उरले. खिशात नोटाच नाहीत, कॅफेत कॉफीच्या कपावर दीड टक्का, आणि डेबिट कार्डालाही तोच दर. ज्या स्वस्त मार्गाकडे लोकांनी वळावं म्हणून ही मुभा दिली होती, तो मार्गच ओस पडलेला. मेलबर्न-सिडनीत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना हा तिथला पहिला आर्थिक धक्का असतो, कारण ती यूपीआयच्या फुकटेपणाला सरावलेली असतात. अखेर जुलै २०२५ मध्ये त्याच मध्यवर्ती बँकेने ईएफटीपॉस हे तिथलं देशी नेटवर्क, व्हिसा आणि मास्टरकार्डावरचे अधिभार बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. ऑस्ट्रेलियाचे ग्राहक त्यापोटी वर्षाला सुमारे १.२ अब्ज डॉलर भरतात, असा तिचाच अंदाज होता.

भारतात यूपीआयची दुसरी वाट आहे, आणि ती आता इतकी रुळलेली आहे की कार्डावरचे दोन टक्के उठून दिसतात. डिसेंबर २०१६ च्या आसपास, नोटाबंदीनंतर, सरकार लोकांना कार्डाकडे ढकलत होतं. पेट्रोल पंपावर कार्डाने पैसे दिले तर ०.७५ टक्के सवलत जाहीर झाली होती. आणि जानेवारी २०१७ मध्ये पंपचालकांनी कार्ड घेणंच बंद करायचा इशारा दिला, कारण काही बँकांनी त्यांच्याकडून एक टक्का एमडीआर कापायचं ठरवलं होतं. पंपचालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, भाव त्याच्या हातात नसतो. हा एक टक्का आणायचा कुठून? सरकारला घाईघाईने मध्ये पडावं लागलं. पुढे १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डाची ती सवलतही गेली.

पंपावरचा अधिभार आजही आहे, फक्त तो मशीनपाशी दिसत नाही. दोन हजारांचं पेट्रोल टाकलं की महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये एक टक्का ‘फ्युएल सरचार्ज’, म्हणजे २० रुपये, आणि त्यावरचा ३ रुपये ६० पैसे जीएसटी दिसतो. काही दिवसांनी २० रुपये परत जमा होतात, कारण कार्डावर ‘सरचार्ज माफ’ अशी सोय असते. ३ रुपये ६० पैसे मात्र परत येत नाहीत. कोट्यवधी कार्डधारकांपैकी फार थोड्यांनी ही ओळ वाचली असेल. वाचली असती तर पंपावर रोज वाद झाले असते. मोबाईलच्या दुकानातले हजार रुपये आणि पंपावरचे साडेतीन यांत रकमेचा फरक आहेच, पण भांडण होतं की नाही हे ठरतं पैसे मागायला समोर माणूस उभा आहे की नाही यावरून. स्टेटमेंटशी कोण भांडणार?

आयआरसीटीसीचंही तसंच. नोव्हेंबर २०१६ मध्ये काढून टाकलेलं ऑनलाइन तिकिटाचं शुल्क १ सप्टेंबर २०१९ पासून परत आलं. यूपीआयने दिले तर साध्या डब्याला १० आणि वातानुकूलित डब्याला २० रुपये, बाकी मार्गांनी १५ आणि ३०. लोकांनी आठवडाभर नाकं मुरडली आणि तिकिटं काढली, कारण खिडकीवरची रांग त्यांना माहीत होती.

महावितरणचं उदाहरण त्यातल्या त्यात चतुर आहे. वीजबिल ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सवलत, जास्तीत जास्त ५०० रुपये. यूपीआय, डेबिट कार्ड, नेटबँकिंगला शुल्क नाही. क्रेडिट कार्डाला मात्र आहे. दोन हजारांच्या घरगुती बिलावर सवलत होते ती पाच रुपयांची, पण बिलावर ती सवलत म्हणून ठळक छापलेली असते, आणि क्रेडिट कार्डाचा खर्च पेमेंटच्या पानावरच, बटण दाबण्याआधी दिसतो. त्यावरून महावितरणच्या दारात कुणी तावातावाने गेल्याचं ऐकिवात नाही. लोकांची महावितरणवर नाराजी असायला दुसरी कारणं पुरेशी आहेत!

खरा पेच सोन्याच्या दुकानात दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याचा भाव पहिल्यांदा लाखाला भिडला. पाच तोळ्यांचा हार म्हणजे पाच लाखांच्या पुढे, दोन टक्के म्हणजे दहा हजारांहून जास्त. एवढी रोकड देता येत नाही. २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यालाच आयकर कायद्याने दंड आहे. यूपीआयची मर्यादा आड येते. मग सराफ म्हणतो, ‘‘वहिनी, आरटीजीएस करा ना, कार्डाचे दहा हजार कशाला घालवता?’’ वहिनींना मात्र कार्डच द्यायचं असतं, कारण वर्षाचं खर्चाचं टार्गेट गाठलं की वार्षिक फी माफ होते. इथे गंमत अशी, की वाद फार काळ टिकत नाही. सराफ घडणावळीत थोडं खालीवर करतो, वहिनी निम्मे कार्डाने आणि निम्मे बँकेतून देतात. ज्या धंद्यात घासाघीस ही रीतच आहे, तिथे दोन टक्के हाही घासाघिशीचाच एक भाग होऊन जातो. मॉलमध्ये, जिथे छापील किंमत म्हणजे अखेरचा शब्द, तिथे तेच वाक्य उद्धटपणा वाटतं.

रोखीवाल्याची बाजू या सगळ्यात कुणीच मांडत नाही. जो दुकानदार कार्डवाल्याकडून वेगळे पैसे घेत नाही, त्याने ते सगळ्यांच्या भावात मिसळलेले असतात. म्हणजे रोख मोजून देणारी मोलकरीण कार्डवाल्या मॅडमच्या लाउंजमधल्या चहाला हातभार लावते. न्यायाच्या दृष्टीने पाहिलं तर अधिभारच बरा म्हणायचा, फक्त तो आधी सांगितलेला, प्रत्यक्ष खर्चाएवढा आणि डेबिट कार्डाला न लावलेला असावा. शेवटच्या क्षणी ऐकवलेल्या ‘दोन टक्के वेगळे’ या वाक्यात या तिन्ही गोष्टी नसतात, आणि गिऱ्हाइकाला हे शब्दांत मांडता आलं नाही तरी जाणवतं.

फुकटाची सवय किती खोल गेली आहे, हे यूपीआयवरून कळतं. २०२४ मध्ये ‘लोकलसर्कल्स’च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी सांगितलं, की यूपीआयवर शुल्क लागलं तर वापरणं सोडू. जून २०२५ मध्ये मोठ्या दुकानदारांवर यूपीआयचा एमडीआर येणार अशी बातमी फिरली, तेव्हा ११ जूनला अर्थमंत्रालयाने ती खोटी आणि निराधार असल्याचं तातडीने जाहीर केलं. ते शुल्क दुकानदाराला लागणार होतं. ते पुढे आपल्याच गळ्यात पडणार, हे लोकांनी गृहीतच धरलं होतं. काउंटरवरच्या ‘बँक कापते’ने त्यांना तेवढं नक्की शिकवलंय.

आणि क्यूआर कोडमध्येही आता कार्ड शिरलंय. सप्टेंबर २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर त्याचा भुर्दंड नाही. त्यापुढे आणि मोठ्या दुकानदाराला एमडीआर लागतो. स्कॅन करणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने सगळे कोड सारखेच, दुकानदाराच्या दृष्टीने मात्र पैसे बचत खात्यातून आले की क्रेडिट कार्डातून, यात फरक पडतो. म्हणून हार्डवेअरच्या, टायरच्या, फर्निचरच्या दुकानांत आता नवा प्रश्न ऐकू येऊ लागलाय, ‘‘स्कॅन करा, चालेल, पण बँकेतून करताय की क्रेडिटवरून?’’ बऱ्याच गिऱ्हाइकांना या प्रश्नाचा अर्थच लागत नाही. ज्यांना लागतो, ते फोन थोडासा आपल्याकडे वळवून ‘‘बँकेतूनच’’ म्हणतात.